परत जावं की नको: एच-१बी, दोन मुलं, सांगलीत आईवडील. तारखा कशा जुळवायच्या?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. परतण्याचा विषय निघाला की चर्चा "शेवटी मनाचं ऐका" इथे येऊन थांबते. मन काय म्हणतं ते आम्हाला ठाऊक आहे, दोघांची मनं दोन गोष्टी सांगतात. म्हणून आकड्यांसकट विचारतोय.

जानेवारी २०१६ पासून न्यू जर्सीत. दोघांचेही पासपोर्ट भारतीय. मी एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), ईबी-२ या ग्रीन कार्डच्या रांगेतला आय-१४० (कंपनीने माझ्यासाठी केलेला अर्ज) मंजूर होऊन बरीच वर्षं झाली. बायको २०२० पासून एच-४ ईएडीवर (अवलंबितांचा एच-४ व्हिसा आणि त्यावरचा कामाचा परवाना) नोकरी करते. मुलगी ११ वर्षांची, जन्म पुण्याचा. मुलगा ६ वर्षांचा, जन्म इथला, म्हणजे अमेरिकन नागरिक. वडील ७४, आई ७०, दोघंच सांगलीत गावभागात राहतात. कंपनी पुण्याच्या ऑफिसात बदली द्यायला तयार आहे. इथे टाउनहाऊस आहे, थोडं कर्ज बाकी. शिवाय ४०१(के) हे निवृत्तीचं खातं आणि ब्रोकरेज खात्यात शेअर्स.

डोक्यात जून २०२७ आहे, इथली शाळा संपली की. जायचं ठरलंच तर कोणत्या तारखा चुकल्या की महागात पडतं? आणि जाऊन जमलं नाही तर परतीचं दार कितपत उघडं राहतं?

आकडेमोड

कराचं बघतो. बाकीचे पुढे लिहितीलच.

आधी एक गोंधळ मिटवू. "एनआरआय" दोन कायद्यांत दोन वेगळ्या तऱ्हेने ठरतो. फेमात (परकीय चलनाचा कायदा) हेतू बघतात: कायमचं राहायला म्हणून उतरलात की त्या दिवसापासून निवासी. आयकरात दिवस मोजतात. त्यामुळे पुण्यात उतरल्यावर एनआरई (अनिवासींचं रुपयांतलं) खातं लगेच निवासी खात्यात किंवा आरएफसी (निवासींच्या परकीय चलनातल्या) खात्यात बदलून घ्यावं लागतं, आयकरात तुम्ही काहीही असलात तरी. लोक दोन-तीन वर्षं एनआरई तसंच चालू ठेवतात आणि त्याचं व्याज करमुक्त समजून विवरणपत्रात दाखवतात. फेमात निवासी झालात की ती करमुक्ती गेली. एफसीएनआर (अनिवासींची परकीय चलनातली) ठेव मात्र मुदत संपेपर्यंत ठेवता येते. डॉलर डॉलरातच ठेवायचे असतील तर आरएफसी उघडा. पुन्हा बाहेर जायची वेळ आली तर तिथले पैसे एनआरईत वळवता येतात.

आता आयकर. परतलेल्या माणसाला काही वर्षं आरएनओआर (निवासी, पण सामान्य निवासी नाही) हा मधला दर्जा मिळतो. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारतात कर नाही (भारतातून चालवलेला धंदा सोडून) आणि परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरावं लागत नाही. त्यासाठी दोनपैकी एक अट पुरी व्हावी लागते: आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात एकूण ७२९ किंवा त्याहून कमी दिवस. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, ही कसोटी तीच आहे.

पहिल्या अटीवर २०२७-२८ आणि २०२८-२९ ही दोन वर्षं तुम्हाला आपोआप मिळतात. तिसरं वर्ष, २०२९-३०, मिळणार की नाही हे ७२९ वर आहे. समजा २० जून २०२७ ला उतरलात. त्या दिवसापासून ३१ मार्च २०२८ पर्यंत २८६ दिवस (२०२८ लीप वर्ष आहे, विसरू नका). पुढचं अख्खं वर्ष ३६५. झाले ६५१. उरले ७८. एप्रिल २०२२ ते मार्च २०२७ या पाच वर्षांतल्या तुमच्या सगळ्या भारतवाऱ्या मिळून ७८ दिवसांत बसल्या तर तिसरं वर्ष तुमचं. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजा. पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून बेरीज करा, आठवणीवर नको.

याचा उपयोग काय? तुम्ही ग्रीन कार्डवाले नाही, हे इथे फायद्याचं ठरतं. अमेरिका सोडून अनिवासी परका झालात की अमेरिकेतल्या शेअर्सच्या विक्रीवरच्या नफ्यावर तिथे कर नाही, आणि आरएनओआर असल्यामुळे इथेही नाही. निघायच्या वर्षी दुहेरी दर्जाचं (अर्धं वर्ष निवासी, अर्धं अनिवासी) रिटर्न भरावं लागतं, म्हणून विक्री १ जानेवारी २०२८ नंतर केली तर हिशेब सरळ होतो. ब्रोकरला डब्ल्यू-८बेन (आपण अनिवासी परके आहोत असं सांगणारा फॉर्म) द्या. लाभांशावर ३० ऐवजी करारानुसार २५ टक्के कापतील. २०२८ मध्ये अमेरिकेला फेरी मारणार असाल तर तीनेक आठवड्यांची मारा, तीन महिने तळ ठोकू नका. २०२८ च्या दिवसांत २०२७ च्या दिवसांचा एक तृतीयांश आणि २०२६ चा एक षष्ठांश मिळवून बेरीज १८३ झाली की करासाठी पुन्हा अमेरिकेचे निवासी धरतात.

शेअर्स "पडून राहू देत, वाढतील" असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. अमेरिकेत कायमचं वास्तव्य नसलेल्या परक्या माणसाचा मृत्यू झाला तर त्याच्या तिथल्या मालमत्तेवर इस्टेट टॅक्समध्ये सूट फक्त ६०,००० डॉलरपर्यंत आहे. त्यावर दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. भारत आणि अमेरिका यांच्यात इस्टेट टॅक्सचा करार नाही. अमेरिकन कंपन्यांचे शेअर्स यात येतात, ४०१(के) सुद्धा येतो. तेव्हा शेअर्स विकायचेच असतील तर आरएनओआरचा काळ संपायची वाट बघत बसू नका.

४०१(के) घाईने मोडू नका. साडेएकोणसाठच्या आत काढलात तर १० टक्के दंड वेगळा. आरएनओआर संपल्यावर जुन्या कायद्यात ८९ए म्हणून होती त्या तरतुदीचा पर्याय घ्या, म्हणजे आत दरवर्षी होणाऱ्या वाढीवर भारतात कर न लागता काढाल तेव्हा लागतो. पर्याय विवरणपत्राच्या मुदतीआधी भरायचा. एकदा दिला की मागे घेता येत नाही.

घर: माझं मत, निघायच्या आधी विका. पाच वर्षांत दोन वर्षं राहिला असाल तर जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ आहे. तिथून गेल्यावर विकलंत तर फिर्प्टाखाली (परक्यांच्या घरविक्रीवरचा अमेरिकन कायदा) खरेदीदार साधारण १५ टक्के किंमत कापून ठेवतो, शिवाय न्यू जर्सी बाहेरच्या विक्रेत्याकडून किमान २ टक्के आगाऊ घेते. पैसे परत मिळतात, पण रिटर्न भरून, वाट बघून. भाड्याने द्यायचंच असेल तर तीन वर्षांच्या आत विका, नंतर ती माफी जाते. आणि भाडेकरूचा गीझर रात्री दोनला बिघडतो तेव्हा पुण्यात ऑफिस चालू असतं, हेही हिशेबात धरा.

सोशल सिक्युरिटी (अमेरिकेची सरकारी पेन्शन): त्यासाठी लागणारे ४० क्रेडिट तुमचे झाले असणार. भारतात राहूनही ते मिळतं, आणि करारानुसार त्यावर कर फक्त अमेरिकेत, भारतात नाही. बायकोचे २०२० पासून वर्षाला चार धरून २०२७ अखेर ३२ होतील. वर्षाची चार क्रेडिट कमाईवर मिळतात, महिन्यांवर नाही, म्हणून जूनपर्यंतचा पगार २०२७ साठी पुरेल. उरलेल्या आठांसाठी भारतातली नोकरी चालत नाही, दोन देशांत तसा करारच नाही. ३२ मात्र वाया जात नाहीत, नोंदीत राहतात.

रांगेतला

दाराबद्दल.

आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर कंपनीने नंतर मागे घेतला तरी तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) तुमचीच राहते, फसवणूक किंवा मंजुरीतली मोठी चूक निघाली नाही तर. तुम्ही भारतात असताना रांग पुढे सरकते आणि तारीख जागेवर असते. हे दार बंद होत नाही. पण ते उघडायला कुणीतरी मालक लागतो, नवा अर्ज आणि नोकरी घेऊन.

मधल्या काळात एच-१बीवर परतणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर लावले. शिवाय आता बहुतेकांना मुलाखतीला स्वतः हजर राहावं लागतं. तेव्हा "दोन वर्षं बघू, नाही जमलं तर येऊ" हे गणित मांडताना, आपल्यासाठी एवढे पैसे आणि कटकट कोणती कंपनी घेईल, हा प्रश्न कागदावर लिहा. पुण्याची बदली त्याच कंपनीत असेल तर एक वाट उरते: परदेशातल्या शाखेत व्यवस्थापक म्हणून वर्षभर काम केलेल्याला एल-१एवर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) बोलावता येतं, आणि पुढे ईबी-१सी ही ग्रीन कार्डची वेगळी रांग खुली होते. ईबी-२च्या रांगेपेक्षा ती वाट जवळची पडू शकते. म्हणून बदलीच्या पत्रात पद काय लिहिलंय, हाताखाली किती माणसं आहेत, हे आत्ताच बोलून घ्या. "सीनियर कन्सल्टंट" लिहून आलात तर नंतर एल-१ए सिद्ध करणं अवघड.

मुलीचं विसरू नका. २०३६ मध्ये ती २१ ची होईल आणि एच-४ संपेल. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर तिला विद्यार्थी व्हिसावर परदेशी म्हणून उभं राहावं लागेल, म्हणजे "मुलांसाठी इथेच राहू" हे तुमच्या घरात फक्त मुलाच्या बाबतीत खरं आहे.

एडिसनकर

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. शिक्के मोजले. एप्रिल २०२२ पासून चार वाऱ्या, एकूण ११२ दिवस, आणि पुढच्या मार्चपर्यंत आणखी जाणार नाही. म्हणजे ७८ मध्ये बसत नाही. मुलाचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) मे २०२१ चं आहे, त्याने काही फरक पडतो का? आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून जूनच धरला होता.

आकडेमोड

६५१ + ११२ = ७६३. ३४ दिवस जास्त. तीन वाटा आहेत.

एक, बायको आणि मुलं जूनमध्ये, तुम्ही जुलैअखेर. निवास प्रत्येकाचा वेगळा ठरतो. शेअर्स तुमच्या नावावर असतील तर तुमचे दिवस महत्त्वाचे. दोन, सगळे एकदम या आणि ३१ मार्च २०२९ च्या आत ३४ पेक्षा जास्त दिवस भारताबाहेर काढा. कंपनीच्या कामाचे परदेश दौरे यात फुकट मोजले जातात. मी ४५ दिवसांचं लक्ष्य ठेवीन, कारण विमान रद्द होतं, पूर्ण ७२९ वर बसलेला हिशेब एका रात्रीत मोडतो. तीन, सोडून द्या. शेअर्स ३१ मार्च २०२९ च्या आत विकायचेच असतील तर तिसऱ्या वर्षाची गरजच नाही. जानेवारी २०२८ ते मार्च २०२९ हे पंधरा महिने पुरेसे आहेत. तिसऱ्या वर्षापायी मुलांची शाळा हलवू नका.

पाटीपेन्सिल

ओसीआयच्या तारखेने फरक पडतो, आणि तुमच्या बाबतीत तो चुटपुट लावणारा आहे. ४ मार्च २०२१ ला गृह मंत्रालयाने अधिसूचना काढली की ओसीआय विद्यार्थ्यांना नीट, जेईई वगैरेंत एनआरआयच्या जागांवरच प्रवेश, फक्त भारतीयांसाठीच्या जागांवर नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुढच्यांनाच लागू ठरवली. ज्यांचं कार्ड त्या तारखेच्या आधीचं त्यांना जुने हक्क. तुमचं दोन महिन्यांनी हुकलं. म्हणजे बारावीनंतर बहीण सर्वसाधारण जागांसाठी बसेल आणि भाऊ जेईई अ‍ॅडव्हान्स्डला परदेशी म्हणून. वैद्यकीयला तर एनआरआय कोट्याची फी. त्याला अमेरिकेतलं कॉलेज खुलं आहे, नागरिक असल्यामुळे तिथल्या केंद्र सरकारची आर्थिक मदतही मागता येईल. पण आईवडील भारतात असल्यावर राज्याच्या विद्यापीठात रहिवाशाची कमी फी सहसा मिळत नाही. बारा वर्षांनंतरचा खर्च आहे, तरी डॉलरमधला काही भाग त्याच्यासाठी वेगळा धरून ठेवा.

आता इयत्ता. २०२७ मध्ये मुलगी सातवीत येईल, ही शेवटची सोयीची वेळ. सीबीएसईत नववीला आणि अकरावीला बोर्डाची नोंदणी होते, थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश अवघड. आठवीही चालते, पण नववीत मूल येतं तेव्हा गणिताचा वेग आणि नवी भाषा एकदम अंगावर येते. आणि एक लक्षात घ्या: सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, उन्हाळ्याची सुट्टी मधे येते. जूनमध्ये आलात तर दोनेक महिन्यांचा अभ्यास बुडालेला असतो. राज्य मंडळाचं वर्ष जूनच्या मध्यात सुरू होतं. प्रवेश मात्र आदल्या हिवाळ्यातच भरतात, म्हणून अर्ज डिसेंबर २०२६ पासून.

मराठी: २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रात कोणत्याही बोर्डाच्या शाळेत पहिली ते दहावी मराठी शिकवावीच लागते. घरी बोलता येणं आणि लिहिता येणं यांत मोठी दरी आहे. मुलगी "ण" आणि "न" ऐकून ओळखेल, पण "विद्यार्थ्यांनी" लिहायला सांगा आणि बघा. जोडाक्षरं, रफार, आणि विभक्ती लागल्यावर शब्द कसा बदलतो (घर, घराला, पाणी, पाण्यात) एवढ्यावर आत्तापासून रोज वीस मिनिटं द्या. वर्षभरात सातवीचं पुस्तक अडखळत का होईना वाचता येतं. हिंदी नंतर आपोआप हाताशी येते, लिपी तीच. मुलगा दुसरीत जाईल, त्याची चिंता करू नका.

कागद: मुलाच्या जन्मदाखल्याची राज्याने दिलेली प्रमाणित प्रत घ्या आणि न्यू जर्सीच्या ट्रेझरी विभागाकडून अपोस्टिल (परदेशात चालावी म्हणून शिक्कामोर्तब) करून घ्या. नगरपालिकेची साधी प्रत चालत नाही. अमेरिकेत शाळा सोडल्याचा दाखला नसतो, म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र घ्या: कोणत्या इयत्तेपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत. लसीकरणाची नोंदही त्याच फायलीत. अमेरिकेतून हे नंतर मागवायला गेलात की आठवडे जातात.

आणि मुलाच्या नावावर भारतात म्युच्युअल फंड घेऊ नका. तो अमेरिकन नागरिक, त्याला ते पीफिक (परदेशी फंडांवरचे जाचक अमेरिकन करनियम) म्हणून छळतील. आजोबा प्रेमाने एसआयपी सुरू करतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

मिरजेवरून

वरच्या सगळ्या उत्तरांत सांगली कुठेच आली नाही, म्हणून लिहितोय.

तुम्ही पुण्यात परतणार. पुणे ते सांगली अडीचशे किलोमीटरच्या आत-बाहेर, रस्ता मोकळा असला तर साडेचार तास. आईवडिलांसाठी परततोय असं मनात असेल तर आत्ताच ठरवा: ते पुण्याला येणार, तुम्ही सांगलीला जाणार, की शनिवार-रविवार गाडी मारणार. तिसरा पर्याय पहिले सहा महिने उत्साहात चालतो, मग मुलांच्या परीक्षा आणि तुमचे रात्रीचे कॉल सुरू होतात. न्यू जर्सीतून विमानाने अठरा तास आणि पुण्यातून गाडीने पाच तास यांत खूप फरक आहे, नाही कोण म्हणतो. पण रात्री अकराला वडील न्हाणीघरात घसरले तर पहिला तास दोन्हीकडून शेजाऱ्याचाच.

त्यांना पुण्याला आणायच्या आधी दहा वेळा विचार करा. मिरजेत दवाखाने भरपूर आहेत, लांबून लोक तिथे येतात. रिक्षावाला ओळखतो, डॉक्टर नावाने हाक मारतात. पुण्यात अकराव्या मजल्यावर आईला लिफ्टमधल्या माणसाचं नावही कळणार नाही. त्यापेक्षा सांगलीतच घर बदला. गावभागात पुराचं पाणी येतं, २००५, २०१९, २०२१ तुम्हालाही माहीत आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ मध्ये ५७ फुटांवर गेलं होतं. सत्तरीतल्या दोघांना बोटीतून काढायची वेळ येऊ नये. विश्रामबागेसारख्या उंच भागात, लिफ्ट असलेल्या इमारतीत, दवाखान्याला जवळ, भाड्याने. विकत नंतर.

त्यांच्या विम्याचं दोन पातळ्यांवर करा. ७० पूर्ण झालेल्यांना आयुष्मान भारतात वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत, आधारवर नोंदणी. तुम्ही जायची वाट न बघता आत्ताच काढा, आणि जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते बघा, कारण कार्ड सगळीकडे चालत नाही. दुसरं, खासगी विमा: १ एप्रिल २०२४ पासून ६५ नंतर नवी पॉलिसी नाही ही अट उठली. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. हे महिने पॉलिसीच्या तारखेपासून सुरू होतात. म्हणून तुमची चौघांची पॉलिसीही तिथे असतानाच घ्या, एनआरआयला घेता येते. जून २०२७ मध्ये याल तेव्हा वर्ष संपलेलं असेल. कंपनीचा ग्रुप विमा पहिल्या दिवसापासून सगळं झाकतो, पण नोकरी गेली की तोही गेला.

बँकेत आईबाबांचं खातं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशा प्रकारचं आहे ना बघा. घराची मिळकत पत्रिका, शेत असेल तर सातबारा, त्यावर आजोबांच्या नावानंतर वारस नोंद झालीय का? बरेचदा झालेली नसते, आणि तलाठ्याकडे ते काम आठ दिवसांच्या सुट्टीत होत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा म्हणजे भावकीत वाद कमी.

ठरवण्याआधी एक करा. बिनपगारी रजा घ्या आणि दोघांपैकी एकाने आठ आठवडे सांगलीत राहा, पुण्यात नव्हे. जून-जुलैत, म्हणजे चिखल, वीज जाणं, पाहुणे, सगळं दिसेल.

आकडेमोड

ते आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस, आणि तेही ७२९ मध्येच पडतील. ज्याच्या नावावर शेअर्स नाहीत त्याने रजा घ्यावी. अर्थात आईवडिलांची तब्येत खालावली असेल तर ७२९ गेलं उडत, तिकीट काढा.

खोकेबांधणी

सामान कमी आणा. तिथे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, इथे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यांच्या मोटारी मंद चालतात आणि आतले ट्रान्सफॉर्मर तापतात. ज्या चार्जरवर १००-२४० लिहिलंय तेवढंच आणा. बाकी तिथेच विका. पुस्तकं, गाद्या, मुलांच्या सायकली आणा. लांब राहून परतणाऱ्यांना ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची सवलत असते, निघायच्या महिन्यातला नियम कस्टम्सच्या संकेतस्थळावरून बघा, दोन वर्षांपूर्वीच्या ब्लॉगवरून नव्हे. यादीत प्रत्येक खोक्याला नंबर, आतल्या वस्तू आणि वापरलेल्या अवस्थेतली किंमत लिहा. "किचन आयटम्स" एवढंच लिहिलेलं खोकं न्हावा शेवाला हमखास उघडतात.

फोन नंबर जिवंत ठेवा. अमेरिकन बँकेचा ओटीपी त्यावर येतो. स्वस्त प्लॅनवर पोर्ट करून वायफाय कॉलिंग चालतं का ते निघायच्या आधीच तपासा. इंटरनेटवरचे फुकट नंबर बऱ्याच बँका घेत नाहीत.

हिरवंकार्ड

आमचंही असंच चाललंय, पण ग्रीन कार्ड आहे. वरचं कितपत लागू?

रांगेतला

बरंच उलटं होतं. कार्ड हातात आहे तोवर जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेत रिटर्न, भारतातली खाती मिळून १०,००० डॉलरवर गेली की एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म). शेअर्सवरची ती दुहेरी सुटका तुम्हाला नाही. वर्षाच्या वर बाहेर राहणार असाल तर फॉर्म आय-१३१ वर री-एंट्री परमिट, दोन वर्षांपर्यंत मिळतं, पण अर्ज करताना अमेरिकेत असावं लागतं. ते कार्ड वाचवतं, नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य वाचवत नाही. नागरिकत्वाला वर्षभर उरलं असेल तर माझा सल्ला, थांबा आणि घ्या. मग ओसीआयवर या. नवी शेतजमीन घेता येणार नाही, वारशाने येऊ शकते. गेल्या १५ वर्षांपैकी ८ वर्षं कार्ड असेल तर ते परत करण्याआधी एक्झिट टॅक्सचा हिशेब करून घ्या, एकूण मत्ता २० लाख डॉलरच्या वर असली तर विशेष.

एडिसनकर

एक शेवटचं. कंपनी म्हणतेय पहिले तीन महिने अमेरिकेच्याच पेरोलवर राहून पुण्यातून काम करा, मग बदली. आरएनओआर आहे म्हणजे तो पगार परदेशी उत्पन्न, भारतात करमुक्त, असं एचआर म्हणते.

आकडेमोड

चूक. पगार कुठून येतो हे बघत नाहीत, काम कुठे बसून केलं ते बघतात. पुण्यात बसून केलेल्या कामाचा पगार भारतातलाच, आरएनओआर असलात तरी पहिल्या रुपयापासून धरला जातो. नव्या रचनेत २४ लाखांच्या वर ३० टक्के. अमेरिकन पेरोल टीडीएस कापणार नाही, म्हणजे अ‍ॅडव्हान्स टॅक्स तुम्हीच भरायचा: १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. चुकलात तर व्याज. इथल्या दिवसांत आरएसयू (कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर्स) वेस्ट झाले, म्हणजे हाती आले, तर तोही पगारच, त्या काळातल्या कामापुरता. शिवाय या व्यवस्थेत कंपनीची भारतात करपात्र आस्थापना तयार होते का, हा प्रश्न त्यांच्या कर विभागाने लेखी सोडवायचा, एचआरने फोनवर नाही. बदलीचं पत्र पहिल्या दिवसाचंच मागा. तसं जमत नसेल तर ते तीन महिने एडिसनमध्येच काढा, ३४ दिवसांचा प्रश्नही त्यात सुटतो.